शिंगं लावली म्हणजे झालं?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर हल्ली साधा माणूस व्हायला कोणी तयार नसतं. नवी मोहीम ठरली की एकाला अंगात सैतानी रक्त असलेला टीफलिंग व्हायचं असतं, दुसऱ्याला ड्रॅगनबॉर्न, तिसरीला मांजरतोंडी टॅबॅक्सी. चौथा कुठल्याशा पुरवणी पुस्तकाची पीडीएफ पुढे सरकवून विचारतो, "हे चालेल ना?" खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, एक तर 'माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, बाकी काही नाही' असा फतवा काढतो, नाही तर 'घे बाबा तुला हवं ते' म्हणून मोकळा होतो. पुण्यात हा खेळ खेळणाऱ्यांमध्ये या दोन पक्षांची भांडणं मी भरपूर ऐकली आहेत, आणि दोन्ही पक्ष भलत्याच गोष्टीवर भांडतात असं माझं मत आहे. पात्राचा वंश किती विचित्र आहे याला फारसं महत्त्व नाही. ते पात्र कशाला बांधलेलं आहे, हे पाहायला हवं. आणि त्या बाबतीत अमेरिकन नियमपुस्तकांपेक्षा पैठण, कोकण आणि मुळशीचा धरणकाठ आपल्याला जास्त शिकवू शकतात.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एरवी गोष्ट एका जगात घडते. 'प्लेनर' मोहिमेत मात्र अनेक लोक असतात. स्वर्ग, नरक, निव्वळ आगीचा लोक, घड्याळासारखा चालणारा लोक, आणि त्यांच्यात ये-जा करायला दारं. १९९४ साली डेव्हिड 'झेब' कुक यांनी या कल्पनेवर 'प्लेनस्केप' नावाचं आख्खं विश्व रचलं. त्याच्या मधोमध सिगिल हे शहर. एका प्रचंड गोल कड्याच्या आतल्या अंगाला ते वसलेलं आहे, त्यामुळे मान वर केली की डोक्यावर समोरच्या गल्लीची छपरं दिसतात. तिथे कुठलीही चौकट दार होऊ शकते, किल्ली तेवढी बरोबर हवी.

विचित्र वंशांचा वाद मात्र प्लेनस्केपहून जुना, खेळाच्या जन्माइतका जुना आहे. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी दार उघडं ठेवलं होतं. कोणाला ड्रॅगन व्हायचं असेल तर होऊ दे, फक्त पिल्लापासून सुरुवात कर, अशा अर्थाची सूट त्यात होती. पाच वर्षांनी, १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्स यांनी ते दार जवळजवळ लावूनच घेतलं. राक्षस व्हायला निघालेल्या खेळाडूला बहुतेक वेळा फक्त ताकद हवी असते, आणि खेळ माणसाभोवतीच फिरायला हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यातला पहिला भाग मला अजूनही पटतो. दहापैकी आठ जणांना पंख हवे असतात ते उडण्यासाठी; पंख असलेल्याचं घर कसं असेल, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

पण प्लेनर मोहिमेत हा वाद एक गमतीदार वळण घेतो. जिथे सैतान आणि देवदूत एकाच गुत्त्यात शेजारी बसून पितात, तिथे शिंगांकडे वळून कोण पाहणार? सिगिलमध्ये सगळेच विचित्र, म्हणजे कोणीच विचित्र नाही. नुसत्या दिसण्याच्या जोरावर पात्र उभं करायचं असेल तर प्लेनर मोहीम ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा आहे. टीफलिंगचंच बघा. प्लेनस्केपमध्ये प्रत्येक टीफलिंग वेगळा दिसायचा. एकाला खूर, एकाला नुसता गंधकाचा वास, एकाची सावली चुकीची. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांना सरसकट शिंगं आणि शेपटी मिळाली, एका बुडालेल्या साम्राज्याने सैतानांशी केलेल्या कराराचा इतिहास मिळाला आणि मुख्य पुस्तकात जागा मिळाली. २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला तोवर टीफलिंग घरोघरी पोचला होता. त्या गेममध्ये टीफलिंग लक्षात राहतात ते पहिल्या भागातल्या निर्वासितांच्या तांड्यामुळे. त्यांना कोणी थारा देत नाही, पोरं चोऱ्या करतात, आणि आपण निघून गेलो तर त्यांचं काय होईल ही टोचणी खेळणाऱ्याला लागून राहते. शेपटीमुळे हे घडलं असं कोणी म्हणणार नाही.

याच विश्वावरचा १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉरमेंट' हा कॉम्प्युटर गेम माझ्या मते या बाबतीतला आदर्श आहे. त्यात दाक्कोन नावाचा गिथझेराई आहे. त्याची जमात एके काळी मनोभक्षकांच्या गुलामीत होती आणि तिथून बंड करून सुटली. त्याच्या हातातली तलवार त्याच्या श्रद्धेच्या बळावर आकार धरते. मन डळमळलं की पातंही डळमळतं. गुलामीतून सुटलेल्या जमातीचा हा माणूस स्वतःच्या वचनाने नायकाचा बांधील झालेला आहे. एवढं कळलं की त्याची कातडी पिवळी आहे की हिरवी, हे कोणी विचारत नाही.

आता पैठण. आपल्याकडची सगळ्यात जुनी प्लेनर मोहीम कोणती असं विचारलं तर मी गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची जन्मकथा सांगेन. मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त ती गोष्ट सांगितली म्हणून आपल्याला माहीत. शंकर पार्वतीला एकांतात एक कथा सांगत होते. पुष्पदंत नावाच्या गणाने ती चोरून ऐकली आणि बायकोला सांगितली. पार्वतीने शाप दिला: माणूस होशील. त्याच्यासाठी रदबदली करायला माल्यवान नावाचा दुसरा गण पुढे आला, त्यालाही तोच शाप. तिकडे कुबेराच्या शापाने एक यक्ष काणभूती नावाचा पिशाच होऊन विंध्याच्या रानात पडलेला. मग उःशाप असा: पुष्पदंताने ही कथा काणभूतीला सांगितली की पुष्पदंत सुटेल, काणभूतीने माल्यवानाला सांगितली की काणभूती सुटेल, आणि माल्यवानाने ती जगात पसरवली की माल्यवान सुटेल. शापाने आपापल्या लोकातून पडलेली तीन पात्रं, तिघांच्या सुटकेची किल्ली एकच, आणि ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची. कुठल्याही डीएमने ही रचना पाहून टोपी काढावी.

माल्यवान जन्मला तो गुणाढ्य म्हणून, आणि प्रतिष्ठानात, म्हणजे आजच्या पैठणात, सातवाहन राजाचा मंत्री झाला. राजाला संस्कृत येत नव्हतं. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्म्याने करून दाखवलं. बोलायला भाषाच उरली नाही म्हणून गुणाढ्य मुका होऊन विंध्यात गेला, तिथे पिशाचांची भाषा शिकला, आणि काणभूतीकडून ऐकलेली कथा शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांत लिहून काढली. राजाने ती झिडकारली: पिशाचांची भाषा आणि वर रक्ताची अक्षरं! तेव्हा गुणाढ्य रानात अग्नीपुढे बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा. जनावरं चरायची थांबली, रडत ऐकत राहिली. राजाच्या ताटात वाळकं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला, तेव्हा कुठे शोध लागला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते.

या गोष्टीत गण, यक्ष, पिशाच, माणूस सगळे आहेत, पण कोणाचे दात किती लांब याची चौकशी आपण करत नाही. कोणी काय गमावलं, कोणाचं काय देणं राहिलं आणि ते कसं फिटणार, यावर गोष्ट चालते. आणि ताटातल्या वाळक्या मांसाचा तो तपशील! एका पात्राचं दुःख राजाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. प्लेनर मोहिमेत हेच हवं असतं. तुमचं पात्र परलोकातून आलं असेल, तर त्याच्या येण्याने इथे कोणाचं तरी काही बिघडलं पाहिजे.

कोकणात हे शास्त्र आणखी बारकाईने पाळलेलं दिसतं. तळकोकणात आणि गोव्यात देवचार गावाची राखण करतो. हातात काठी, पायात वहाणा, रात्री हद्दीवरून फेरी. लोक त्याला वहाणा वाहतात, कारण चालून चालून त्याच्या झिजतात. पण तो हद्दीपलीकडे पाऊल टाकत नाही. सामर्थ्य आणि बंधन एकाच वाक्यात. मुंज्याला पिंपळ, कारण मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत तो गेला. २०२४ च्या हिंदी चित्रपटामुळे तो मुंबई-दिल्लीच्या मुलांनाही माहीत झाला. 'तुंबाड'चा (२०१८) हस्तर हा तर लोकपरंपरेतला नव्हेच, सिनेमासाठी घडवलेला. तरी तो आपल्याकडचा वाटतो, कारण त्याला नियम आहेत. त्याला पिठाची भूक आहे आणि पिठाचंच रिंगण त्याला अडवतं.

दशावतारी नाटकात तर आपल्याकडचा हा खेळच उभा आहे. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्त रचतात. पूर्वरंगात काळ्या वेषातला, लांब जिभेचा संकासुर येतो. देव आणि राजे भारदस्त पुस्तकी मराठी बोलत असताना हा असुर अस्सल मालवणीत सगळ्यांची टोपी उडवतो. वेद चोरणारा तो, मरायचंही त्यानेच, हे पहिल्या क्षणापासून सगळ्यांना ठाऊक. त्या चौकटीत तो जी मोकळीक घेतो ती पाहावी. नियम नसलेल्या विचित्र पात्राला अशी मोकळीक कधी मिळत नाही, कारण मोडायला त्याच्यापुढे काही नसतंच.

मुळशीकडे मी मुद्दाम शेवटी येतो आहे. पुण्याची मुलं शनिवार-रविवारी खेळायला मुळशी-ताम्हिणीकडे भाड्याचं घर घेतात, तसं आम्हीही घेतलं होतं. जुलै, धरणाकाठचं घर, बाहेर पाऊस आणि लाइट गेलेली. (या धरणाचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवून मुंबईसाठी वीज करतात, हे मेणबत्ती लावताना आठवल्याशिवाय राहत नाही.) आमच्यातल्या एकाने सात पानी कॅरेक्टर शीट आणली होती. अर्धा ड्रॅगन, अर्धा देवदूत, मांजरीसारखी चाल, प्रत्येक गुणाला काही ना काही जादा. सिगिलच्या वेशीवर मी पहारेकऱ्याच्या तोंडून विचारलं, "कुठला रे तू? कोणाचा?" सात पानांत त्याचं उत्तर नव्हतं.

त्याच टेबलावर एकीने तीन ओळी लिहून आणल्या होत्या. तिचं पात्र होतं आसरा. साती आसरा मावळात कोणाला सांगाव्या लागत नाहीत. डोहाशी, उताराशी, पाण्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड, जोडीला बहुधा म्हसोबा, हिरव्या बांगड्यांची आणि खणानारळाची ओटी. तिने लिहिलं होतं: ही मुळेच्या काठची आसरा, धरण झालं आणि काठच पाण्याखाली गेला, पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलं, पण बसायला जागा राहिली नाही, म्हणून ती दुसरा काठ शोधत निघाली आहे.

एवढंच. पण त्यामागे काय उभं होतं! १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट सेनापती झाले ते याच लढ्यात, आणि तुरुंगातही गेले. धरणं बांधण्याविरुद्धची जगातली पहिली चळवळ, असं राजेंद्र व्होरांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच म्हटलं आहे. १९२४ मध्ये लढा संपला, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. जमिनीचा मोबदला कागदावर ठरवता येतो, त्यातही सावकाराचा वाटा आधी निघतो. डोहाच्या काठच्या सात दगडांचा मोबदला कोणत्या रकान्यात भरायचा? त्या मुलीने तो रकाना खेळात भरला.

मग खेळ आपोआप वळला. सिगिलमध्ये नदी नाही. 'डिच' म्हणतात तो एक घाण नाला आहे. आसरा सरळ तिकडे गेली आणि काठावर सात दगड मांडून बसली. (मुळा पुण्यात पोचते तेव्हा तिची काय अवस्था झालेली असते ते आठवून सगळे हसले.) नाला ओलांडून रोज हप्ता गोळा करायला जाणारा एक सैतान होता. त्याला तिने अडवलं: विचारून उतरायचं. फाशात तो तिच्या तिप्पट ताकदीचा होता, पण काठावर तिचा शब्द चालायचा हा नियम आम्ही आधीच मान्य केलेला. सैतानाने परवानगी मागितली, आणि पुढच्या वेळी बांगड्या आणल्या. मग तिने मला विचारलं, "विहिरीचं तोंड म्हणजे चौकट धरायची का?" सिगिलच्या नियमाने कुठलीही चौकट दार होऊ शकते. मला हो म्हणावं लागलं, आणि पुढची सगळी मोहीम विहिरीविहिरीतून फिरली. सात पानांवाला तिच्यामागून चालत होता.

इथे एखाद्या जाणत्या वाचकाने मला अडवायला हवं. माणसाला जागेशी आणि कामाशी बांधून ठेवणं हेच तर आपल्या गावगाड्याने केलं. गावकुसाबाहेरच्यांना हद्द दाखवून दिली. आणि तुम्ही त्याचंच कौतुक करता? आक्षेप खरा आहे. आपली भुतंसुद्धा त्यातून सुटलेली नाहीत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, त्यांनी हयातीत शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून गावोगावची लोकसमजुतींची माहिती जमवली होती. पुढे एंथोवेन यांनी ती छापली. त्यातली भुतांची वर्गवारी वाचली तर मेल्यावरही जात आणि लग्नाचा शिक्का सुटत नाही हे दिसतं. मुंज्या ब्राह्मणाचा, ब्रह्मसमंधही ब्राह्मणाचाच, सवाष्ण गेली तर जखीण. ही यादी उचलून जशीच्या तशी खेळात टाकणं म्हणजे जातीची उतरंड फाशावर चढवणं होईल.

खेळातही हा रोग होताच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हाफ-ऑर्क निवडला की बुद्धीचे दोन गुण जन्मतःच कमी. जन्मावरून अक्कल ठरवण्याची ही रीत पाहून भारतीय खेळाडूला तरी धक्का बसायला हवा होता. २०२० मध्ये 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकाने गुणांची ही बेडी सैल केली, आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'रेस' जाऊन 'स्पीशीज' आली. मी या बदलाच्या बाजूने आहे. पण बेडी काढताना ही पुस्तकं काढणाऱ्या कंपनीने नातंही काढून टाकलं. आता वंश म्हणजे कपाटातला पोशाख झाला आहे. आज शिंगं, उद्या पंख, कोणाचं कोणाला काही लागत नाही.

माझं उत्तर गुणाढ्याच्या गोष्टीत आहे. तिथे प्रत्येक शापाला उःशाप आहे. जातीला उःशाप नसतो; तिच्यातून सुटण्याची अट कोणी सांगत नाही, म्हणून ती शापापेक्षा वाईट. पात्राला बांधायचं ते वचनाने, पैजेने, देण्याने, अपुऱ्या राहिलेल्या कामाने, आणि बांधतानाच गाठ कशी सुटेल तेही ठरवायचं. गुणाढ्याने भाषा गमावली ती पैज लावून; जन्माने कोणी त्याच्याकडून ती काढून घेतली नव्हती. आमच्या आसरेला काठ मिळाला तर ती मोकळी. कोणत्या रक्ताची, हा प्रश्न त्या मोहिमेत एकदाही आला नाही.

आणि 'आपलं ते सगळं छान' असं मला म्हणायचं नाही. अमेरिकन पुस्तकांनी राक्षसाचं काय केलं हे पाहिलं की चीड येते हे खरं. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षस म्हणजे कोट घालून पाइप ओढणारं वाघाचं डोकं. घटोत्कचाचा बाप भीम आहे, आई हिडिंबा आहे, आठवण काढली की तो येतो आणि पांडवांसाठी मरतो. त्या राक्षसाला यात जागाच नाही. पण मराठी पोरं आपल्या टेबलावर वेताळ आणतात तेव्हा तीही निव्वळ वाघाचं डोकंच आणतात, फक्त आपल्या गावचं. नाव देशी असल्याने पात्र जिवंत होत नाही. उलट, २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मध्ये मिमी मोंडल यांनी बंगाली वळणाची मोहीम लिहिली, ती बाहेरच्याच पुस्तकात छापली गेली. नावगाव कोणाचं यावर काही अडलं नाही.

एका संध्याकाळचा, हसण्याखिदळण्याचा खेळ असेल तर हे सगळं सोडून द्या. मांजर काय, बोलता टोस्टर काय, काहीही चालतं. मी बोलतो आहे ते महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोहिमेबद्दल, जिथे तिसऱ्या बैठकीनंतर शेपटीचं अप्रूप संपतं.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी गेलात तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एवढं विचारा: आपल्या शिवेवर कोण फिरतं, ते कुठल्या ओढ्यापर्यंत येतं, आणि पुढे का येत नाही? जॅक्सनच्या मास्तरांनी हे सरकारी प्रश्नावलीसाठी विचारलं, तुम्ही खेळासाठी विचारा. त्यांनी लिहिलेली जातीची नोंद मात्र गाळा. आणि डीएम असाल तर कॅरेक्टर शीटवर वंशाच्या रकान्याखाली आणखी एक रकाना आखा, त्यावर 'उःशाप' असं लिहा, आणि तो भरेपर्यंत कोणाच्या हातात फासे देऊ नका.